झाडलेली वाट

१८ नोव्हेंबर

पर्यटनाच्या ट्रेनिंगवाल्या मॅडमनं सांगतलं होतं, धंदा सुरू केला की रोज वही लिहा. पाहुण्याले काय आवडलं, काय चुकलं, सगळं. वही त घेतली, पाहुणा अजून एक बी आला नाई. म्हणून सध्या मले कायची कायची भीती वाटते ते लिहून राह्यली. तेवढंच खात्रीचं आहे.

जंगलाची वाटते. सापाची वाटते. धानोऱ्याच्या पुढं मोबाईलच्या रेंजची एकेक डंडी गळत जाते, त्याची सगळ्यात जास्त. अन् आपलं हसं होईन ही त आहेच. बावीस वर्षं गडचिरोलीत मेस चालवली. साहेब, मास्तर, नर्सबाया, सारे माझ्या हातच्या पोळ्या खाऊन बदलीवर गेले, तवा कधी भ्यायचं काम पडलं नाई. मंग जागेवाल्यानं तिथी दुकानं काढायची ठरवली, मेस खाली करावी लागली, अन् तवापासून आफ्रीनच्या अब्बाच्या डोक्यात हे भूत बसलं. नवऱ्याचं नाव लियाकत, पण वहीत बी नाव घ्यायले हात थबकते, म्हणून लेकीच्या नावानं आफ्रीनचे अब्बाच लिहीन.

भूत असं की लोक येतात ते वाघ पाहून ताडोबावरूनच वापस जातात. आमच्या इकडचे धबधबे, तळी, रानातले उभे दगड कोणालेच मालूम नाई. आपल्याजवळ आठ सीटची गाडी आहे, मलिकाच्या, म्हणजे माझ्या, हाताले चव आहे, अजून काय पाह्यजे? आफ्रीन कॉलेजातून आली की मोबाईलवर व्हिडिओ टाकते. नाव ठेवलं 'कोणी न पाह्यलेली गडचिरोली'. मी म्हणलं, मी बी नाई पाह्यली. बापलेक खदखद हसले.

२१ नोव्हेंबर

आज मी बी पाह्यली. धानोऱ्यापासून चौदा किलोमीटर आत झिंगूभाऊचा टोला आहे, गोंडायची अकरा घरं. आफ्रीनचे अब्बा टेम्पो चालवत तवा टोल्यावरचा मोह अन् हिरडा बाजारात आणत, तेव्हाची ओळख. टोल्याच्या लोकायनं बसून ठरवलं आहे की पाहुणे येऊ द्या, पण दारू नाई, गाणे नाई, अन् वरच्या देवाच्या जागेकडं पाऊल नाई. आमी सगळं कबूल केलं.

टोल्यापासून पायवाट लागते. अर्ध्या तासानं ती फुटते. उजवी धबधब्याले जाते, डावी खाली नाल्याकडं, आवळ्याच्या झाडायकडं. झिंगूभाऊची बायको सोमारीबाई माझ्यासंगं होती. साठीले टेकली असन, पण चालणं असं की मी मागं धापा टाकत. पान हललं की मी थांबो. शेवटी तिनं माझा हात धरला तो धबधबा येईपर्यंत सोडला नाई. मधीच म्हणे, ते पाह्य. मले हिरवं सोडून काईच दिसे ना. तिनं बोटानं रेघ ओढून दाखवलं तवा कुठी दिसलं, फांदीच्याच रंगाचा पक्षी फांदीले चिकटून झोपला होता.

मी म्हणलं, बाई, काय डोळे आहेत तुमचे. ती म्हणे, डोळे होते म्हणून त म्हातारी झाली, नाई त कधीचीच मेली असती. ती हसून बोलली, पण मी तिचा हात अजून घट्ट धरला.

धबधबा खरंच चांगला आहे. पाणी पाहून मले रडू आलं, कायचं ते मालूम नाई. बहुतेक पोहोचल्याचं.

२७ नोव्हेंबर

नागपूरच्या सहा जणायनं तीस तारखेचं पक्कं केलं. घरात ईद असल्यासारखं चालू आहे.

अन् आजच भाजीवाली सांगते की हत्तीचा कळप इकडं सरकून राह्यला, कुठं तरी धान तुडवलं. चारपाच वर्षांपहिले छत्तीसगडातून आले तवा वाटलं होतं जातीन वापस, पण त्याहीले इथलंच पाणी मानवलं. आफ्रीनचे अब्बा म्हणाले, ते तीस किलोमीटर दूर आहेत. मी इचारलं, हत्तीनं तुमाले असं लिहून देल्लं का? त्याहीनं आवाज वाढवून बातम्या लावल्या. मी सारं घर दोनदा झाडलं.

२९ नोव्हेंबर

भीती वाटली की झाडू हातात घ्यायची ही माझी लहानपणची खोड. अम्मी म्हणे, मलिका झाडून राह्यली म्हणजे समजा हिचं काई तरी बिनसलं. आज ती कामी आली.

उद्या पाहुणे येतीन म्हणून आमी सकाळी सातलेच टोल्यावर पोहोचलो. झिंगूभाऊ पहाटेच कुठी तरी निघून गेला होता. सोमारीबाई सारवत होती. म्हणे, तुमी व्हा पुढं, मी घरचं आटपून मंग आवळ्याले जाईन. आफ्रीनचे अब्बा धबधब्यापासी दोर बांधायले पुढं गेले. मी झाडू घेऊन मागं. एकटी होती म्हणून झाडतच गेली. काटक्या, गोटे, कोणी खाल्लेल्या फळाच्या बिया, सारं बाजूले केलं. वाट फुटते तिथी त कहरच. कोणी डाव्या वाटेवर पळसाची अख्खी फांदी आडवी फेकून देल्ली होती. ताजी, पाला बी सुकला नव्हता. पाहुण्याच्या पायात आली असती त? मी ओढत ओढत नेऊन खालच्या खोंगळात, त्या खोलगट जागी, टाकली. मॅडम म्हणतच होत्या, परिसर स्वच्छ त पाहुणा खूश. दोन्ही वाटा अंगणासारख्या केल्या अन् फोटो काढले.

नवाच्या आत आमी वापस निघालो. मले आज पह्यल्यांदा वाटलं की हे आपल्याले जमून जाईन.

३० नोव्हेंबर

सकाळी सहाले पवनचा फोन आला. पवन म्हणजे झिंगूभाऊचा लेक, टोल्यावर रेंज नाई म्हणून टेकडीवर चढून बोलत होता. काल आवळ्याले गेलेली आई घरी आलीच नाई म्हणे. आफ्रीनचे अब्बा चहा न घेता निघाले. पाहुणे नवाले आले. मी त्याहीले नाश्ता देल्ला अन् रस्ता खराब झाला म्हणून सांगतलं. ते चिडून ताडोबाकडं गेले. मले त्याचं काईच वाटलं नाई.

दिवसभर फोनजवळ बसली. नमाज पढली, काय पढली ते ध्यानात नाई.

आफ्रीनचे अब्बा दिवस बुडता आले. सोमारीबाई सापडली नाई. नाल्यात हत्तीचे पाय उमटले आहेत, एक लहान पिल्लू बी आहे. मी ताट वाढलं, ते जेवता जेवता सांगत होते. म्हणे, झिंगूभाऊनं काल पहाटेच ते पाय पाह्यले होते. त्यानं लगेच पळसाची फांदी तोडून डाव्या वाटेवर आडवी टाकली अन् तसाच पलीकडच्या गावाले सांगायले गेला. आडवी फांदी म्हणजे इकडून जाऊ नको, पुढं धोका आहे. टोल्यावरच्या शेंबड्या पोराले बी हे समजते. म्हणून आपल्याले वेगळं सांगायचं असते हे त्याच्या ध्यानातच आलं नाई. सोमारीबाईचं तेवढं ध्यान कसं नाई गेलं कोण जाणे, ओलांडून गेली. आता फांदी तिथी नाई, हत्तीनं वापस येऊन खाल्ली असन.

मी मोरीत जाऊन ओकली. आफ्रीननं पाणी आणलं, म्हणे अम्मी, दिवसभर उपाशी राह्यली म्हणून झालं. मी मान हलवली.

या अल्लाह, तिले जिती ठेव. मी सगळं सांगीन. फक्त जिती ठेव.

१ डिसेंबर

जिती आहे.

मी हट्टानं संगं गेली होती. जंगलाची भीती कुठी गेली होती मालूम नाई, एकच भीती होती अन् ती मोठी होती. अकराच्या सुमाराले पवनले दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. नाल्यात दोन मोठ्या दगडांच्या फटीत ती शिरून बसली होती. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला, ओठ पांढरे. दोन रात्री. हत्ती सोंड घालून घालून गेला म्हणे, फट लहान म्हणून वाचली. चौघायनं खाटेवर घालून आणली.

खाट खाली ठेवली तवा तिनं मले पाह्यलं अन् हात पुढं केला. मी धरला. तो हात मले भाजत होता, तरी सोडता आला नाई. तिथी सांगायले पाह्यजे होतं. सगळे होते. पण सगळे होते म्हणूनच तोंड उघडलं नाई.

३ डिसेंबर

दवाखान्यात डबा घेऊन गेली. प्लास्टर घातलं आहे. पवन काई वाईट पोरगा नाई, पण दोन रात्री तो बी मेल्यात जमा होता, त्याचा राग निघून राह्यला. आईले म्हणे, बाबानं एवढी मोठी फांदी टाकली, तुले दिसली कशी नाई? सोमारीबाई छताकडं पाहत म्हणाली, नाई दिसली रे. पवन म्हणे, आता डोळे गेले तुये.

झिंगूभाऊ कोपऱ्यात उकिडवा बसला होता. मी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, अजून लावलं.

घरी येऊन आफ्रीनच्या अब्बाले सारं सांगतलं. त्याहीनं चालू बातम्या बंद केल्या. मंग म्हणाले, बाई जिती आहे ना, मंग आता कायले तोंड उघडतं? टोल्यावाले वाट बंद करतीन. आपण काई जाणूनबुजून केलं नाई. त्याहीचं म्हणणं खोटं नाई. मी बी दिवसभर मनाले हेच सांगत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तवा ते लय घाण वाटलं.

६ डिसेंबर

मी शक्कल लढवली. दवाखान्यात डोळ्यांचा विभाग आहे, तिथी सोमारीबाईले चाकाच्या खुर्चीवर नेलं. वाटलं, डॉक्टरच सांगन की डोळे चांगले आहेत, पवनचं तोंड बंद होईन, अन् मले काई बोलावंच लागणार नाई. किती हुशार मी.

भिंतीवरच्या पाटीवर काट्याच्या चमच्यासारख्या उलट्यासुलट्या खुणा होत्या. कोणती खूण कोणीकडं वळली ते ती बोटानं दाखवत गेली, शेवटच्या ओळीपर्यंत एक चुकलं नाई. डोळेवाला म्हणे, आजी, दूरचं तुमाले माझ्याहून चांगलं दिसते. मी खूश होऊन तिच्याकडं पाह्यलं. तिचं तोंड उतरलं होतं.

मले हळूच म्हणे, "डोळे चांगले हायेत, मंग ते फांदी मले दिसली काऊन नाई? बाई, माझं डोकं त नाई गेलं?"

मी म्हणलं, असं काई नसते. पवननं हे बाहेर ऐकलं. तिची सासू, म्हणजे त्याची आजी, अशीच झाली होती म्हणे शेवटी, घरच्या लोकायले ओळखे ना, एक दिवस चुलीतला इस्तू हातानं उचलला. पवनच्या तोंडावर आता राग नव्हता, भेव होतं. रागच बरा होता.

९ डिसेंबर

तिले घरी सोडलं. आमच्याच गाडीनं टोल्यावर नेलं. पवननं आईची टोपली अन् कोयता उचलून माळ्यावर टाकला. पाय बरा झाला तरी आता जंगलात जायचं नाई, म्हणे. घरी बस, नातवंडं पाह्य. नरमाईनं बोलला. ती त्याच्यासंगं भांडन अशी मी वाट पाहत होती. तिनं फक्त मान हलवली.

मंग मले जवळ बोलावून इचारलं, काल मी जेवली होती का? मी म्हणलं, जेवल्या, माझ्याच हातचा वरणभात. ती म्हणे, हो, मले बी तसंच वाटते, पण आता पक्कं करून घेते. मंग झाडाकडं बोट दाखवून, हे कायचं झाड? मी म्हणलं, मले नाई समजत, तुमीच सांगा. तिनं नाव सांगतलं अन् बरोबर आहे का म्हणून झिंगूभाऊकडं पाह्यलं. झिंगूभाऊनं तोंड फिरवलं.

मी गाडीत येऊन बसली. सीट बी झाडली नाई.

१३ डिसेंबर

तीन दिवस वही उघडली नाई. आफ्रीन सांगते, व्हिडिओले लय लोकायनं पाह्यलं, संक्रांतीपर्यंतच्या पाच ट्रिपा इचारल्या आहेत. आफ्रीनचे अब्बा माझ्याकडं पाहत नाईत. मी त्याहीच्याकडं पाहत नाई.

पवनचा फोन आला होता. आई काल सकाळी चुलीपासी बसून रडत होती, म्हणे. भात शिजत घातला का नाई ते आठवे ना. झाकण काढून पाह्यलं, घातला होता. तरी रडत होती. नागपूरले डोक्याचा मोठा डॉक्टर असते का, म्हणून मले इचारत होता. मले. साऱ्या दुनियेत त्याले इचारायले मीच भेटली.

मी कायले भेते? टोल्याचे लोक हाकलून देतीन. धंदा बसन. आफ्रीनच्या समोर मान खाली जाईन. हे सारं लिहून वाचलं, अन् ते बरंच लहान आहे. पण भीती लहान होत नाई. उद्या जाते. आफ्रीनच्या अब्बाले सांगतलं, गाडी काढा नाई त मी बसनं जाईन. ते म्हणाले, काढतो.

१४ डिसेंबर

गेली. जसं झालं तसं लिहून ठेवते.

सोमारीबाई अंगणात खाटेवर बसली होती, पाय लांब करून. झिंगूभाऊ दोरी वळत होता, पवन कुडाची डागडुजी करत होता. मी खाली मातीतच बसली. आफ्रीनचे अब्बा गाडीपासी उभे राह्यले. रस्त्यानं लय सारे शब्द जुळवले होते, एक बी आला नाई. मी म्हणलं, फांदी मी उचलली होती. तुमी जायच्या पहिले. झाडता झाडता. मले मालूम नव्हतं ती कायची आहे.

पवनच्या हातातलं काम थांबलं. झिंगूभाऊची दोरी थांबली. सोमारीबाईनं मले अजून एकदा सांगायले लावलं. मंग ती इचारत गेली, एकेक. कायची होती? पळसाची. बुंधा कोणीकडं होता? डोंगराकडं. कुठी टाकली? खालच्या खोंगळात, अजून असन. प्रत्येक जबाबाले ती झिंगूभाऊकडं पाहे, अन् तो मान हलवे.

"म्हणजे मी गेली तवा तिथी काईच नव्हतं," ती म्हणाली.

"काईच नव्हतं," मी म्हणलं.

पवन उठला. मले वाटलं मारते आता. तो माझ्या बाजूनं निघून घराच्या मागं गेला अन् तिथी भिंतीले तोंड लावून उभा राह्यला. आफ्रीनचे अब्बा दोन पावलं पुढं आले, झिंगूभाऊनं हातानंच त्याहीले थांबवलं.

सोमारीबाईनं पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. मी पायाले हात लावायले गेली त तिनं पाय ओढता येत नाई म्हणून माझा हातच बाजूले केला. पदर काढला तवा डोळे कोरडे होते.

"हत्ती इथी होता," तिनं आपल्या छातीपासून हातभर दाखवलं. "त्याचं भेव गेलं माझं. पण हे इतके दिवस मले माझंच भेव वाटत होतं, बाई. निजायले भेत होती मी. उठीन तवा पवन ओळखू नाई आला त? दवाखान्यात तू रोज येत होती. डबा आणत होती. समोर बसून मले जेवताना पाहत होती."

मी म्हणलं, मी भेली होती.

"मी बी," ती म्हणाली. एवढंच.

माफ केलं असं ती म्हणाली नाई, अन् मी इचारलं बी नाई. झिंगूभाऊनं सांगतलं, टोल्याचे लोक बसतीन, तवा तुमाले या लागन, साऱ्यासमोर हेच बोला लागन, तोपर्यंत पाहुणे नाई. मी हो म्हणलं. बसायची तारीख तो कळवन. मले आतापासूनच त्याचं भेव वाटते, पण जाईन.

आमी निघालो तवा मागून तिचा आवाज आला. ती दवाखान्यातून आल्यापासून एवढा मोठा ऐकला नव्हता. गोंडीत होतं, मले समजलं नाई. मी वळून पाह्यलं. पवन डोळे पुसत घराच्या मागून आला, शिडी लावून माळ्यावर चढला अन् त्यानंच वर टाकलेली तिची टोपली खाली घेऊन आला. तिनं ती मांडीवर उलटी ठेवली अन् कुठी कुठी तुटली ते पाहत बसली.